सासूबाईंनी मला सांगितलं, मुलाला नाही

या वेळचं पत्र आयर्लंडमधल्या एका वाचक मैत्रिणीचं आहे, आणि ते 'मदर अँड बेबी होम'बद्दल आहे, म्हणजे लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना बाळंतपणासाठी जिथे नेऊन ठेवायचे त्या संस्था. ट्यूम या गावात असंच एक होम होतं, तिथे दगावलेल्या मुलांच्या अवशेषांसाठी खोदकाम सुरू झालं. नाव, गाव, संस्थेचं नाव काढलंय आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत, तिला विचारूनच.

"ताई, मी मूळची सांगलीची, लग्न होऊन इकडे आले त्याला बरीच वर्षं झाली, नवरा इथलाच. सासूबाई ७७ वर्षांच्या, सासरे गेल्यापासून एकट्याच राहतात, आमच्या घरापासून चालत पाच मिनिटं. आमचं छान जमतं. मध्ये टीव्हीवर ट्यूमच्या खोदकामाची बातमी लागली होती, मी चहा घेऊन गेले तर त्या टीव्हीकडे न बघताच म्हणाल्या, मी पण होते अशा एका ठिकाणी. १९६७ साली लग्नाआधी दिवस गेले म्हणून घरच्यांनी नेऊन सोडलं. सहा-सात महिने होत्या. मुलगा झाला. तो तीन महिन्यांचा असताना एका सकाळी त्याला अंघोळ घालून नवा स्वेटर घालायला सांगितला, तो स्वेटर त्यांनीच विणला होता, आणि घेऊन गेले. सासऱ्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही. मला शपथ घातलीये. रात्री मी गुपचूप शोधलं तर सरकार पैसे देतं, मेडिकल कार्ड देतं असं दिसलं. त्यांचं दातांचं काम अडलंय, कानाचं मशीन जुनं झालंय, गुडघ्याला फिजिओ हवंय, सगळं 'बघू नंतर' वर चाललंय. हळूच विषय काढला तर म्हणाल्या, मला त्यांचा पैसा नको. त्यांची बिलं, बँक, टपाल सगळं माझा नवरा बघतो, म्हणजे अर्ज केला की त्याला कळणारच. मी त्याला आधीच सांगून टाकू का? अर्ज मीच भरू का? आणि तो मुलगा शोधता येईल का? मला झोप लागत नाहीये. — एक सून"

अगं, नवऱ्याला सांगू नकोस आणि अर्जही परस्पर भरू नकोस. हे आधी लिहिते कारण तुझं पत्र वाचून वाटलं की तू दोन्हीच्या अगदी काठावर उभी आहेस, आणि दोन्ही तू प्रेमापोटीच करशील हे मला माहितीये. पण तू एकदा त्यांच्या जागी बसून बघ. एकोणीस वर्षांची पोर, तिला कुठे न्यायचं ते घरच्यांनी ठरवलं, तिथे काय करायचं ते नन्सनी ठरवलं, बाळ कधी आणि कोणाला द्यायचं ते आणखी कोणीतरी ठरवलं, आणि बाहेर आल्यावर कोणाला काय सांगायचं नाही तेही तिला सांगण्यात आलं. आता इतक्या वर्षांनी त्यांनी आपणहून एक गोष्ट ठरवली, ती म्हणजे तुला सांगायचं. पुढचं पण त्यांनाच ठरवू दे. तू त्यांच्या शेजारी बस, कागद वाचून दाखव, फोन लावून दे, पण पेन त्यांच्या हातात राहू दे.

तुझ्या पत्रात एक वाक्य होतं जे मी वर छापलं नाही, की त्यांनी बाळ ठेवून का घेतलं नाही हे तुला कळत नाही. हा प्रश्न त्यांना कधीही विचारू नकोस, प्लीज. त्या वेळच्या आयर्लंडमध्ये लग्नाशिवाय आई झालेल्या बाईला सरकारकडून भत्ता मिळायला लागला तो १९७३ पासून. म्हणजे १९६७ साली घरच्यांनी दार लावलं तर हातात बाळ घेऊन जायचं कुठे, भाडं कशाने द्यायचं, नोकरी कोण देणार, या कशालाच उत्तर नव्हतं. सही त्यांची असेल कागदावर, पण निवड नव्हती. आणि अशा त्या एकट्या नव्हत्या. न्यायाधीश इवॉन मर्फी यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला, त्यात तपासलेल्या संस्थांमधून सुमारे ५६ हजार आया आणि ५७ हजार मुलं गेल्याचं आहे, आणि त्यातली सुमारे ९ हजार मुलं तिथेच दगावली. ट्यूमची जी बातमी तुम्ही बघत होतात ती कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक अभ्यासक बाईंनी एकेक मृत्यूदाखला मागवून तिथे दगावलेल्या ७९६ मुलांची नावं काढली त्यातून सुरू झाली. अहवालाच्या दुसऱ्याच दिवशी, १३ जानेवारी २०२१ ला, पंतप्रधान मीहॉल मार्टिन यांनी संसदेत सरकारतर्फे माफी मागितली. ही तारीख लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

तू लिहिलंस की सांगलीला आईला नाव न घेता विचारलंस तर ती म्हणाली आपल्याकडे नव्हतं असलं काही. होतं की. आपल्याकडच्या विधवा बायकांवर हीच वेळ यायची, म्हणून तर जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि तिथे बाळंत झालेल्या बाईने मूल न्यावं की ठेवावं हे तिच्या खुशीवर सोडलं होतं. शंभर वर्षांनंतर तुझ्या सासूबाईंना तेवढंही मिळालं नाही, मला तर याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

आता 'त्यांचा पैसा नको'. मी इथे डब्लिनला हॉस्पिटलात सोशल वर्कर आहे, आणि हे वाक्य मी खूप आजीबाईंच्या तोंडून ऐकलंय. त्यामागे बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात. एक, त्यांना वाटतं हा चर्चचा पैसा आहे आणि तो घेतला म्हणजे आपण माफ केलं असा अर्थ होतो. तर तसं नाहीये. या योजनेचा अंदाजे खर्च ८० कोटी युरो धरलाय आणि तो सरकारी तिजोरीतून येतो, म्हणजे तुझ्या सासूबाईंनी जन्मभर जो टॅक्स भरला त्यातून. धर्मसंस्थांनी वाटा उचलावा म्हणून सरकारने वाटाघाटी केल्या, त्यात ट्यूमचं होम चालवणाऱ्या बॉन सेकूर सिस्टर्सनी सुमारे १ कोटी ३० लाख युरो देऊ केले, बाकी बहुतेकांनी काहीच नाही. तेव्हा हा पैसा घेतला म्हणून कोणाला माफी दिली असं होत नाही. दुसरी गोष्ट जास्त खोल असते. त्यांना भीती वाटते की पैसे मागायला गेलं की कोणीतरी समोर बसवून विचारणार, काय काय झालं ते सांगा बघू, आणि मग म्हणणार, पुरावा काय.

ही भीती उगाच नाहीये. आयर्लंडमध्ये अनाथाश्रम आणि इंडस्ट्रियल स्कूलमधल्या मुलांसाठी २००२ च्या कायद्याने रिड्रेस बोर्ड आलं होतं, १५ हजारांहून जास्त लोकांना त्यातून भरपाई मिळाली, पण लोकांना आपल्यावर काय अत्याचार झाले ते लिहून, सांगून, डॉक्टरांचे रिपोर्ट लावून सिद्ध करावं लागलं, आणि वर मिळालेल्या भरपाईबद्दल उघड बोलायचं नाही असं कलम. कित्येकांना त्या सुनावणीचाच नव्याने त्रास झाला. तुझ्या सासूबाईंच्या पिढीतल्या सगळ्यांनी ते कोणा ना कोणाकडून ऐकलंय. आणि मदर अँड बेबी होममधल्या बहुतेक बायका त्या योजनेत बसतच नव्हत्या, म्हणून त्यांना आणखी वीस वर्षं थांबावं लागलं.

आत्ताची योजना वेगळी आहे, आणि हे त्यांना सगळ्यात आधी सांग. नाव आहे मदर अँड बेबी इन्स्टिट्यूशन्स पेमेंट स्कीम, कायदा २०२३ चा, अर्ज २० मार्च २०२४ पासून सुरू झाले. यात काय सोसलं ते सांगावं लागत नाही. फक्त यादीतल्या ४४ संस्थांपैकी कुठे होता आणि साधारण कधी, एवढंच. योजनेचे लोक स्वतः जुन्या नोंदी तपासून किती दिवस होता ते काढतात. आईसाठी अट अशी काहीच नाही, एक रात्र राहिली असेल तरी ती पात्र. ९० दिवसांच्या आत असेल तर ५ हजार युरो, त्याच्या वर सहा महिन्यांपर्यंत १० हजार, सहा महिने ते वर्ष १२,५००, असं चढत जाऊन दहा वर्षांच्या वर ६५ हजार. काही ठराविक संस्थांत तीन महिन्यांहून जास्त राहून बिनपगारी काम करावं लागलेल्या बायकांना त्याचे वेगळे पैसे आहेत, सासूबाईंची संस्था त्यात येते का हे फोनवर विचारून घ्या. हे पैसे करपात्र नाहीत, आणि पुढे नर्सिंग होमची वेळ आलीच तर फेअर डील या नर्सिंग होमच्या सरकारी मदत योजनेच्या हिशोबात धरत नाहीत.

मला विचारशील तर तुमच्या घरासाठी पैशांपेक्षा कार्ड महत्त्वाचं आहे. तू म्हणशील त्यांच्याकडे मेडिकल कार्ड आहेच. असणार, सत्तरीच्या वरच्या बहुतेकांकडे असतं, पण ते उत्पन्नावर असतं आणि परत तपासलं जातं, आणि त्यावर फिजिओची रांग किती लांब आहे ते तू बघतेयसच. १८० दिवस किंवा जास्त राहिलेल्यांना जे एन्हान्स्ड मेडिकल कार्ड मिळतं त्याला उत्पन्नाची अट नाही आणि ते जन्मभरासाठी असतं. जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर आणि औषधं तर आहेतच, शिवाय दात, डोळे, कान, फिजिओ, पायांची काळजी, घरी येणारी नर्स, घरकामाला मदत, आणि काउन्सेलिंग. तू लिहिलेल्या तिन्ही अडलेल्या गोष्टी यात बसतात. त्या एकट्या राहतात, ७७ चं वय आहे, उद्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर घरी कोणीतरी यायला लागेल, तेव्हा हे कार्ड तुम्हाला त्या साडेबारा हजारांपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडेल. आणि गंमत म्हणजे बऱ्याच बायकांना 'पैसे' म्हटलं की राग येतो पण 'दात नीट करून देणं हे त्यांचं देणं लागतं' असं म्हटलं की पटतं. पैसे नकोच असं त्यांचं पक्कं असेल तर फक्त आरोग्यसेवेपुरतं काय करता येईल, हा प्रश्न योजनेच्या हेल्पलाइनवर पहिला विचार.

म्हणूनच ते 'सहा-सात महिने' फार महत्त्वाचं आहे. सहा महिन्यांच्या अलीकडे की पलीकडे यावर कार्ड अवलंबून आहे. दिवस गेलेले असताना आत गेल्या तिथपासून बाहेर पडल्या तिथपर्यंत मोजायचं, बाळाच्या जन्मापासून नाही. इतक्या वर्षांनी नेमकी तारीख कोणाला आठवणार, पण आजूबाजूचं आठवतं. आत गेल्या तेव्हा थंडी होती का, ईस्टर तिथे झाला का, धाकट्या भावाच्या फर्स्ट कम्युनियनला त्या घरी नव्हत्या का, असं काही त्या आपणहून बोलल्या तर मनात ठेव आणि नंतर त्यांना विचारून लिहून ठेव. उलटतपासणी मात्र नको. नोंदीतले दिवस चुकीचे निघाले असं वाटलं तर निर्णय आल्यापासून ६० दिवसांत फेरतपासणी मागता येते.

फॉर्म भरताना एक गोष्ट हमखास विसरते. अशा बऱ्याच संस्थांत मुलींना आत गेल्याबरोबर दुसरंच नाव द्यायचे, खरं नाव कोणी कोणाला सांगायचं नाही, महिनोन्महिने शेजारच्या पलंगावर झोपलेल्या पोरीचं खरं नाव माहीत नसायचं. सासूबाईंनाही तिथे वेगळ्या नावाने हाक मारायचे का, हे हळूच विचार, आणि ते नाव, माहेरचं आडनाव, आत्ताचं आडनाव, तिन्ही फॉर्मवर जाऊ दे, नाहीतर नोंद शोधताना घोळ होतो. एवढंच सांगून ठेवते की ते नाव उच्चारताना त्या गप्प होऊ शकतात. मी एका आजींबरोबर बसले होते, फॉर्मचं बाकी सगळं त्यांनी खडाखडा सांगितलं आणि या रकान्यावर पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाल्या आजच्यापुरतं बास. आम्ही थांबलो. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. घाई कशाचीच नव्हती. ओळखपत्राची प्रमाणित प्रत लागते, ती मात्र आधी करून ठेवा म्हणजे तेवढ्यासाठी अडणार नाही.

आता टपालाचं. तुझा नवरा चांगला मुलगा आहे, आईची बिलं भरतो, पाकिटं उघडतो, आणि नेमकं तेच इथे आडवं येतंय. अर्ज करायच्या आधी योजनेच्या ऑफिसशी फोनवर बोलून सांगायचं की घरी पत्र नको, आणि फोन, ईमेल किंवा दुसरा पत्ता चालतो का ते ठरवून घ्यायचं. फोन सासूबाईंनी करायचा, तू शेजारी बसायचं. ईमेल त्यांचाच नवा उघडून दे, पासवर्ड त्यांच्याकडे. तुझ्या पत्त्यावर मागवू नकोस कारण तो तुझ्या नवऱ्याचाही पत्ता आहे. बँकेचं पण तसंच, त्यांच्या खात्यावर ऑनलाइन तो बघत असेल तर क्रेडिट युनियनमध्ये किंवा पोस्टात त्यांच्या एकटीच्या नावावर खातं काढता येतं. हे सगळं वाचून तुला वाटेल आपण चोरी करतोय. नाही गं. ७७ वर्षांच्या बाईला स्वतःचं टपाल स्वतः उघडायचा हक्क आहे. आणि हो, मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'एका मैत्रिणीसाठी विचारतेय' म्हणून टाकू नकोस, आपल्यात आयरिश सासू असणाऱ्या किती जणी आहेत, दोन मिनिटांत ओळखतील.

ऑफर आली की विचार करायला सहा महिने मिळतात. पैसे स्वीकारताना एका कागदावर सही करावी लागते की त्या संस्थेतल्या वास्तव्याबद्दल सरकारवर पुढे कोर्टात जाणार नाही. ही सही वकिलाशी बोलूनच करायची, त्या सल्ल्यासाठी योजनेतून ५०० युरोपर्यंत मिळतात. घरचा नेहमीचा सॉलिसिटर घेऊ नका, तो तुझ्या नवऱ्याला ओळखत असणार, दुसऱ्या गावातला शोधा. अर्जासाठी मात्र वकील लागत नाही, कोणी 'आम्ही भरून देतो, टक्केवारी द्या' म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

मुदत २० मार्च २०२९ पर्यंत आहे. वेळ आहे, पण २००२ च्या योजनेत मुदत संपल्यावर मनाची तयारी झालेले कितीतरी लोक कायमचे बाहेर राहिले, हे पण सांगायलाच हवं. आणि एक अवघड गोष्ट. १३ जानेवारी २०२१ नंतर वारलेल्या माणसाच्या वतीने वारसाला अर्ज करता येतो, पैशांपुरता. म्हणजे सासूबाईंनी आत्ता काहीच केलं नाही तर त्यांच्या माघारी ते तुझ्या नवऱ्याच्या हातात येईल, आणि तेव्हा कार्डाचा त्यांना काय उपयोग. हे मी भीती घालायला सांगत नाही, पण त्यांना निर्णय घ्यायचाय तर ही माहिती त्यांच्यापासून लपवून चालणार नाही. योग्य वेळ बघून सांग.

आता त्या मुलाबद्दल. इथे मला खरंच वाईट वाटतं लिहायला. तो तीन महिन्यांचा असताना गेला, म्हणजे त्याला या योजनेतून काहीच मिळत नाही, कारण मुलांसाठी सहा महिन्यांची अट घातलीये. त्या अटीमुळे सुमारे २४ हजार माणसं बाहेर राहिली. आईला मिळतं आणि त्याच आईच्या कुशीतून उचललेल्या बाळाला नाही, का तर तू तिथे पुरेसे दिवस नव्हतास. जणू काय आईपासून तोडल्याचं दुःख दिवस मोजून होतं. खासदारांच्या समितीनेही ही अट काढा म्हटलं होतं, सरकारने ऐकलं नाही. मला ही अट अन्यायाची वाटते आणि ती बदलेपर्यंत मी हे म्हणतच राहणार. सासूबाईंना हे कळलं तर त्या आणखीच म्हणतील की मग मलाही नको. म्हणू दे. तो त्यांचा निर्णय, पण त्यांनी न घेतल्याने त्याला मिळणार नाहीये, एवढं फक्त सांग.

शोधायचं म्हणशील तर, ऑक्टोबर २०२२ पासून दत्तक गेलेल्या माणसाला स्वतःचा मूळ जन्मदाखला मिळतो, त्यावर आईचं नाव असतं. म्हणजे तो आज अठ्ठावन्न वर्षांचा असेल, इथे असेल नाहीतर अमेरिकेत, त्या काळात दोन हजारांच्या वर मुलं तिकडे पाठवली गेली, आणि त्याच्या हातात कदाचित आधीच सासूबाईंचं नाव असेल. तो त्यांना शोधत असण्याची शक्यता आहे, आणि हे त्यांना माहीत असायला हवं, कारण उद्या टुस्लाकडून, म्हणजे इथल्या सरकारी बाल आणि कुटुंब संस्थेकडून, अचानक फोन आला तर धसका बसेल. ॲडॉप्शन ऑथॉरिटीचं एक कॉन्टॅक्ट प्रेफरन्स रजिस्टर आहे. त्यात आईला आपली इच्छा नोंदवता येते. भेटायचंय, फक्त पत्र चालेल, फक्त तब्येतीची माहिती देते, किंवा संपर्क नको, यातलं काहीही, आणि नंतर बदलताही येतं. 'संपर्क नको' लिहिणं हेही चालतं, त्यात काही गैर नाही, त्यांनी तसं लिहिलं तर तू नाराज होऊ नकोस. पण तू स्वतः फेसबुकवर, डीएनए साइटवर शोधायला लागू नकोस. तुझ्या नवऱ्याची थुंकी टेस्टला पाठवायचा विचार तर मनातूनही काढून टाक.

हे वाचणाऱ्या इंग्लंडमधल्या केअरर आणि नर्स मैत्रिणींसाठी पण दोन ओळी, कारण त्या काळात खूप बायका बाळंतपणानंतर बोटीने तिकडे गेल्या आणि आज तुमच्या वॉर्डात, तुमच्या केअर होममध्ये त्या आहेत. अर्ज कुठल्याही देशातून करता येतो, आणि आयर्लंडबाहेर राहणाऱ्यांना कार्डाऐवजी एकरकमी ३ हजार युरो घेता येतात. पण तिकडच्या पेन्शन क्रेडिट वगैरे उत्पन्नावर चालणाऱ्या मदतीत हे पैसे बचत म्हणून धरले जाण्याचा धोका आहे, ते तसे धरू नयेत म्हणून ब्रिटनचे खासदार लियम कॉनलन यांनी तिथल्या संसदेत विधेयक मांडलंय, तेव्हा ऑफर स्वीकारायच्या आधी तिथल्या बेनिफिट सल्लागाराला विचारा.

परत तुझ्याकडे येते. नवरा. त्याला एक मोठा भाऊ आहे आणि ते त्याला माहीत नाही, हे ओझं घेऊन तू रोज त्याच्याबरोबर जेवायला बसतेस, मला कळतं. पण हे सांगणं आईचं आहे. त्याने कधी थेट विचारलं, की तुम्ही दोघी काय लपवताय, तर खोटं बोलू नकोस, "आईंचं काहीतरी आहे, त्यांनाच विचार, मी सांगू शकत नाही" एवढं म्हण. पुढे कधी त्याला कळलं आणि तो चिडला की तुला माहीत होतं, तर चिडू दे, ते निस्तरता येईल. आईने शपथ घालून सांगितलेलं बायकोने परस्पर सांगितलं, हे मात्र सासूबाईंच्या बाजूने निस्तरणार नाही, त्या परत कधी तोंड उघडणार नाहीत. सासूबाईंना तू हे विचारू शकतेस की तुम्हाला त्याला सांगावंसं वाटतं का, आणि सांगायचं झालं तर मी खोलीत असू का. एकदाच विचार. हात धुवून मागे लागू नकोस.

एचएसई, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, नॅशनल काउन्सेलिंग सर्व्हिस आहे, या संस्थांमधून आलेल्यांना ती मोफत आहे आणि त्यासाठी योजनेत अर्ज केलेला असायची गरज नाही. सगळ्यात आधी तेच कर असं मी म्हणेन, पैसे, कार्ड, मुलगा, सगळं त्यानंतर. फोनवरही बोलता येतं, म्हणजे तुझ्या नवऱ्याने गाडीने सोडायचा प्रश्न येत नाही. त्या नाही म्हणाल्या तर राहू दे, महिनाभराने परत सुचव. आणि तूही तुझ्यासाठी कोणाशी तरी बोल, तुझ्या जीपीला सांगून काउन्सेलर घे, तिथे सांगितलेलं बाहेर जात नाही, शपथही मोडत नाही.

उद्या गेलीस की योजनेचं काही काढू नकोस. दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट तेवढी घे, ती आत्ताच्या कार्डावरही तपासणीपुरती होते, आणि सोबत जा. काही बोलावंसं वाटलं तर गाडीत बोलतील. मग एखाद्या दिवशी म्हण, आई, मी थोडं वाचलंय, तुम्हाला हवं तेव्हा सांगेन, नको असेल तर नाही सांगणार. उत्तर काय आलं ते मला कळव, पुढचा फोन कसा लावायचा ते आपण तेव्हा ठरवू.